गोठ्यातला रेडिओ

आषाढ लागायच्या तोंडावर शिवानं आपल्या पोराला खेडला मामाकडे नेऊन सोडलं आणि वाडीत सांगितलं, की चंदर आता लावणी उरकेपर्यंत तिकडेच राहील. "बरं केलंस," वाडी म्हणाली. इतक्या मनापासून वाडी शिवाला आजवर कधी काही म्हणाली नव्हती.

दोन दिवसांनी भर पावसात मामा पोराला घेऊन परत आला.

शिवाच्या बायकोचा, राहीचा, हा भाऊ खेडच्या बाजारात शिलाईचं मशीन घेऊन बसायचा. चंदरनं मशीनचं चाक बघितलं आणि समोर मांडी घालून बसला. चाक फिरेपर्यंत पोर खूश. थांबलं की कानांवर हात दाबून असा ओरडायचा, की चड्डी शिवायला आलेलं गिऱ्हाईक माप न देता गेलं. मग मामा दिवसभर कापडाशिवायच मशीन चालवत राहिला. संध्याकाळी पेंग आली आणि त्यानं अंगातल्या सदऱ्याची बाही शिवून टाकली, तेव्हा त्याचा धीर सुटला.

"भावजी, मी शिंपी हाय, गिरण नाय," एवढं बोलून तो चहासुद्धा न घेता परतीच्या यष्टीला धावला.

चंदरचं खरं नाव हरिश्चंद्र. शिवाच्या बापाचं नाव होतं, म्हणून ठेवलेलं. त्या नावाच्या राजानं खरं बोलण्यापायी राज्य सोडलं, आणि ह्या हरिश्चंद्राच्या बापाला आता वाडीभर खोटं सांभाळायचं होतं. पोर सात वर्षांचं. कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, हाक मारली तर वळायचं नाही. स्वतःचं असं काही बोलायचं नाही, पण दुसऱ्याचं ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच्याच आवाजात बोलायचं. खेडच्या डॉक्टरनं "वाढेल तसा सुधारेल" म्हणून सांगितलं होतं. भगतानं नारळ मागितला होता. वाडीनं काहीच न मागता त्याचं नाव 'खुळा' ठेवलं होतं.

तरी वाडीचं तसं काही वाकडं नव्हतं. वाकडं झालं ते गेल्या लावणीत.

वाडीत लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात वाकायचं, उद्या माझ्या. ज्याला सावड नाही त्याच्या भाताच्या रोपांचं आवण वाफ्यातच म्हातारं होतं आणि वर्षभर भात दुसऱ्याच्या चुलीवर शिजताना दिसतो. शिवाचा भाऊ मुंबईला गोदीत, घरात हात म्हणजे शिवाचे आणि राहीचे. गेल्या साली सावड काशीरामतात्याच्या खाचरात होती. मोठं खाचर लावून झालं आणि माणसं आंब्याखाली न्याहरीला बसली. भाकरी खाऊन परत येतात, तर खाचर मोकळं. नुसतं पाणी. काशीराम आधी "चुकलो वाटतं" म्हणून पुढच्या बांधाकडे चालायला लागला. मग त्याला बांधावर आवणाची रांग दिसली. एकेक काडी मुळाशी धुऊन, शेंडे एका बाजूला करून मांडलेली. आणि रांगेच्या टोकाला चंदर. इतका समाधानानं बसला होता, की क्षणभर वाटावं ह्याच्याच लग्नाची पंगत आहे.

त्या दिवशी काशीराम ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "शिवा, पुढच्या साली ह्यो पोर शेताकडं दिसला, तर तुज्याशी सावड मोडली." आणि बायका परत वाकल्या. राही सगळ्यांत जास्त वाकली. तिनं दिवसभर मान वर केली नाही.

मामा गेल्यावर शिवा ओटीवर बसून राहिला. मग उठला आणि गोठ्यात जाऊन वासराच्या गळ्यातलं दावं सोडून आणलं.

राही दारात उभी होती. तिनं दाव्याकडे बघितलं.

"सुती हाय. रुतायचं नाय," शिवा म्हणाला. "लावनी हुईपर्यंत. गोठ्यात अंधार असतोय, त्याला अंधार आवडतोय."

राही आत गेली, जुन्या लुगड्याची चिंधी फाडून आणली आणि पोराच्या घोट्याला जिथं गाठ येणार तिथं गुंडाळली. गाठ मात्र शिवानंच मारली. एवढं एक काम तिनं केलं नाही.

*

पहिला दिवस शिवाच्याच शेताचा होता. खाचर गोठ्याला लागून. पाऊस एका लयीत पडत होता, बायका इरली पाठीवर घेऊन वाकल्या होत्या, आणि काशीराम बांधावर उभा राहून सगळ्यांना जे आधीच येत होतं ते शिकवत होता.

एवढ्यात गोठ्यातून स्वच्छ, शहरी आवाज आला.

"कोकण किनारपट्टीवर ताशी पन्नास किलोमीटर वेगानं वारे वाहण्याची शक्यता आहे. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये."

सगळे हात थांबले.

"शिवा," काशीराम म्हणाला, "गोठ्यात कोन हाय?"

गेल्या गणपतीत भावानं मुंबईहून ट्रान्झिस्टर आणला होता. शिमग्याच्या आत तो विहिरीत पडला, पण तोवर चंदर त्याच्याशी कान लावून बसायचा. ट्रान्झिस्टर बुडाला, बातम्या पोरात राहिल्या. हे वाडीला ठाऊक नव्हतं. शिवाकडे ट्रान्झिस्टर आहे, एवढंच ठाऊक होतं.

"रेडिओ," शिवा म्हणाला.

"गोठ्यात?"

"व्हय. बैलांस."

जनीनं पाठ सरळ केली. वाडीत एखादी गोष्ट जनीच्या तोंडात गेली की ती चावून बारीक होऊनच बाहेर यायची. "मेल्या, बैलांस रेडिओ कशाला? मच्छी मारायला जातंत काय?"

"गाई दूध देतंत म्हनं रेडिओ ऐकून. भाऊ बोलला. मुंबईत करतंत."

"आनि बैल?"

शिवाला खूप विचार करता आला नाही. "बैल... जोत सरळ ओढतंत."

काशीरामनं चिखलणी करणाऱ्या बैलांकडे बघितलं. नेमके त्याच वेळी ते सरळ चालले होते. "असंल," तो म्हणाला.

राही वाकलेलीच होती. हातातली आवणाची मूठ तिनं एकाच जागी सगळी रोवून टाकली.

दिवस मावळतीला टेकेपर्यंत शिवाच्या गोठ्यातला रेडिओ वाडीभर झाला. संध्याकाळी काशीराम विडी घेऊन गोठ्याबाहेरच्या दगडावर येऊन बसला.

"हवामान ऐकतंय," तो म्हणाला. "माजं वरचं दळ ऱ्हायलंय. कातळावरचं खाचर त्ये, पानी ठरत नाय. पाऊस लागून धरनार असंल तरच आवन काढायचं. बैलांचं झालं असंल तर लाव जरा."

शिवा आत गेला. आत राही पोराला पेज भरवत होती. तिनं डोळ्यांनीच विचारलं. शिवानं तोंडावर बोट ठेवलं. चंदर पेजेत बोटानं गोल काढत बसला होता.

"आवाज वाढव की!" बाहेरून काशीराम.

"आवाज वाढव की!" चंदर काशीरामच्याच आवाजात म्हणाला.

मग काशीराम हळूच म्हणाला, "शिवा, रेडिओवर ह्यो कोन रे, माज्या चुलत्यासारका बोलतोय?"

राहीनं पदर तोंडात कोंबला. शिवानं गव्हाणीचा वासा धरला. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी दोघं एकदा असं हसली होती, त्यानंतर हे आताच. आवाज न करता हसताना राहीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती पोराच्या खांद्यावर कपाळ टेकून हलत राहिली. चंदरनं आधी तिच्या हलणाऱ्या पाठीकडे बघितलं. मग, थोडा वेळ गेल्यावर, हिशोब जुळल्यासारखा तोही हसला. मोठ्यानं, पोट धरून. त्याला कशाचं हसू आलं ते त्यालाच ठाऊक, पण तो थांबेना.

"करमनूक लागली वाटतं," काशीराम बाहेरून म्हणाला. "हवामान गेलं मंग."

हसता हसता शिवाचा हात खाली गेला आणि दाव्यावर पडला. ते ताणलेलं होतं. पोर आईकडे सरकलं होतं आणि दावं तेवढंच पुरत होतं. शिवाचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं दावं थोडं सैल केलं. सोडलं नाही.

तसं घरात आनंदाचं काही नव्हतंच, असं नाही. दार लावलं की एक खेळ असायचा. चंदर शिवाच्या पावलांवर आपली पावलं ठेवून उभा राहायचा, तोंड पुढे करून. शिवा त्याचे दोन्ही हात धरायचा आणि ओटीभर चालायचा. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोराचं सगळं वजन बापाच्या पावलांवर. तेवढा वेळ चंदर कुणाचंच बोलायचा नाही. नुसता घशातून गुणगुणायचा, मधमाशीसारखा. राही जातं ओढता ओढता बघायची. पण हे दार लावून. सात वर्षांच्या घोड्याला पायांवर घेऊन नाचवताना कुणी बघितलं तर काय म्हणेल?

*

दुसऱ्या संध्याकाळी रेडिओनं हवामान सांगितलं.

"येत्या अठ्ठेचाळीस तासांत कोकणात सर्वत्र मुसळधार पाऊस पडेल."

काशीराम दगडावरून उठलाच. "ऐकलंस? उद्या वरच्या दळाचं सगळं आवन काढतंय. सगळ्यांनी या."

हे हवामान गेल्या भादव्यातलं होतं. शिवाला ते पाठ होतं. त्याच्यामागून लगेच कुठल्याशा मंत्र्याचं उद्घाटन येतं, हेही पाठ होतं. त्यानं तोंड उघडलं.

"तात्या, रेडिओचं काय खरं असतंय?"

"सरकारचं मानूस खोटं बोलंल? तूपन काय बोलतोस!" काशीराम म्हणाला. "बैल शानं झालं तुजं, तू तसाच ऱ्हायलास."

आणखी एक वाक्य बोलायचं होतं. शिवा ते जिभेवर घेऊन उभा राहिला आणि काशीरामची पाठ पाणंदीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सगळी सावड काशीरामच्या वाफ्यात बसली. शिवा आणि राहीसुद्धा. आवण उपटायचं, पायावर आपटून मुळांची माती झाडायची, मुठी बांधायच्या. शिवानं त्या दिवशी कुणापेक्षाही जास्त मुठी बांधल्या. जनी म्हणाली, "आज शिवाच्या अंगात काय शिरलंय?" राहीनं तिच्याकडे बघितलं नाही.

वासराला मोकळं रान मिळालं होतं. त्यानं तेवढ्यात काशीरामच्या वाफ्याचा एक कोपरा खाल्ला. माणसं हसली. काशीरामनं "हाऽऽट" करून ढेकूळ मारलं, तोही हसला. "वासरू ते वासरूच," म्हणाला.

दुपारी पाऊस थांबला.

आकाश फाटून निळं झालं. कातळ वाफाळायला लागला. वरच्या दळात जोत घालावं तर पाणी भेगांतून निघून गेलेलं, पायाला चिकट गारा लागत होता. "ईल, ईल," काशीराम वर बघून म्हणत होता. "रेडिओवर सांगितलान." पण रात्रभर आला नाही. सकाळी ऊन आणखी कडक. बांधावर लावून ठेवलेल्या मुठींचे शेंडे पिवळे पडून खाली वळले होते.

सावड बांधावर बसून होती. काम नाही, घरीही जाता येत नाही. काशीराम मुठींवर करवंटीनं पाणी मारत फिरत होता. साठीच्या माणसाचं धोतर चिखलानं कमरेला चिकटलं होतं.

"तात्या," जनी म्हणाली, "आता रेडिओस सांगा, मच्छिमारांनी जाऊ नये, पन काशीरामनं जावं. खोल पान्यात."

माणसं हसली. काशीराम हसला नाही. तो शिवाजवळ येऊन बसला.

"तुजा दिवस फुकट घालवलंय मी," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यांचंच दिवस. म्हातारपनी एवढी अक्कल नसावी मानसाला? रेडिओ ऐकून आवन काढलंय." आणि त्यानं तोंडावरून हात फिरवला. हाताला चिखल होता, तो तोंडाला लागला. त्याला कळलं नाही.

शिवा उठला.

"कुटं चाललास?"

"रेडिओ आनतंय."

*

गोठ्यात चंदर भिंतीतून येणाऱ्या उन्हाच्या काठीत बोट फिरवत बसला होता. शिवानं गाठ सोडली. ओली सुती गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडली. चिंधी घसरून खाली आली होती. घोट्याला दाव्याचा लाल वळ उठला होता.

"चल," शिवा म्हणाला.

चंदर उठला, चालला आणि दावं जिथवर पोचत होतं तिथं येऊन थांबला. पायात काही नव्हतं. शिवानं हात धरून ओढलं तर त्यानं पाय रोवले. दार दोन हातांवर होतं. पोर तिथंच उभं राहिलं, नेमकं त्या जागी, कुणी रेघ मारून ठेवल्यासारखं.

शिवा बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला.

मग तो पोराच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याचे दोन्ही हात धरले. चंदरनं ओळखीची जागा शोधावी तशी आपली पावलं बापाच्या पावलांवर ठेवली. शिवा चालला. दाराबाहेर, अंगणातून, पाणंदीनं. चढ होता, पावलं घसरत होती, पोराचं डोकं हनुवटीला लागत होतं. वाटेत वाडीतली सावित्री पाण्याला निघाली होती, ती कळशी कमरेवर तशीच ठेवून उभी राहिली. तिच्या मागं कुत्रं उभं राहिलं. चंदर गुणगुणत होता. शिवाचे कान तापले होते, पण त्यानं हात सोडले नाहीत.

अशी वरात वरच्या दळात पोचली. बांधावरची माणसं उठली. राहीनं दोन्ही हात डोक्यावर नेले.

"ह्यो रेडिओ," शिवा म्हणाला.

कुणाला काहीच कळलं नाही. चंदरनं माणसं बघितली, कान दाबले आणि सांगून टाकलं, "कोकणात सर्वत्र मुसळधार पाऊस पडेल."

जनीचं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही.

"खेडला ऱ्हायला नाय तो," शिवा म्हणाला. "गोठ्यात ठेवलावता. हवामान गेल्या सालचं हाय. मला ठावं हुतं, तात्या. आवन काढायच्या आदी ठावं हुतं."

काशीराम पुढं आला. त्यानं हात उगारला असता तर शिवाला बरं वाटलं असतं. पण काशीराम पोराच्या पायाकडे बघत होता.

"ह्ये काय?"

शिवानं पोराचे हात आणखी घट्ट धरले.

"दाव्याचा वळ हाय. कुनाचं दावं?"

"वासराचं."

"वासराला काय बांधलंस मंग?"

"वासरू मोकळं हाय."

कुणी हसलं नाही. वासरू तेवढ्यात पलीकडच्या बांधावर आवणाची एक मूठ सावकाश खात होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. कुणी हाकललं नाही.

काशीराम वळला, थुंकला, मुठींकडे गेला. एक मूठ उचलून मुळं दाबून बघितली. "आज चिखलात गेलं तर जगंल," तो म्हणाला. मग कुणाकडेही न बघता, "पऱ्या बांधा. पानी हिकडं घ्या. सावड मोडायची ती आवन लावल्यावर मोडू."

पुरुष शेजारच्या ओढ्यात, पऱ्यात उतरले. दगड, माती, ऐनाच्या फांद्या. शिवा छातीपर्यंत पाण्यात उभा राहून दगड झेलत होता. बऱ्याच वेळानं पाणी पाटानं दळात शिरलं, पण बेताचंच. चिखल घट्ट झाला. तो सपाट करायला जोतामागं फळी बांधली, तर ती ढेकळांवरून नुसती उडत होती. वजन हवं. गडीमाणूस उभा राहिला तर फळी रुतून बैल अडायचे. वाडीची पोरं शाळेत.

फळी फिरत होती. गोल, परत गोल.

चंदर राहीच्या कुशीतून उठला. बांधावरून उतरला, दावं कधी नव्हतंच अशा चालीनं चिखल तुडवत गेला आणि चालत्या फळीवर जाऊन बसला.

"अगो..." राही ओरडली. पण फळी बसली होती. मागं चिखल लोण्यासारखा सपाट होत गेला. काशीरामनं मागं वळून बघितलं, तोंडात शिवी आणली, गिळली आणि बैल हाकले.

पोर मान मागं टाकून हसत होतं. चिखल तोंडावर उडत होता, तो चाटत होतं. दळ झालं. काशीरामनं बैल थांबवले, तर चंदरनं कान दाबून किंकाळी फोडली. काशीरामनं दचकून बैल परत हाकले. परत झालं, परत थांबवले, परत किंकाळी. झालेलं दळ काशीराम गोल गोल फिरवत राहिला. खेडच्या मामाचं जे झालं तेच.

"तात्या, आता त्यात आवन लावायचं की आरसा करायचाय?" जनीला शेवटी आवाज फुटला.

वळणावर फळी तिरकी झाली. "घट बस मेल्या, पडशील!" काशीराम खेकसला.

"घट बस मेल्या, पडशील!" चंदर खेकसला.

बायका हसून बांधावर बसल्या. शिवा पाटाच्या तोंडाशी उभा होता. ह्या पोराला आजवर वाडीतलं कुणी ओरडलंच नव्हतं. गप्प व्हायचे, बाजूला व्हायचे, शिवाकडे बघायचे. शिवा उगाच वाकला आणि नीट बसलेला एक दगड काढून परत नीट बसवला.

दिवेलागणीला दळ लावून झालं. पोर फळीवरून खाली ओढताना काशीरामच्या मनगटाला चावलं. काशीरामनं मनगट बघितलं, धोतराला पुसलं. जाताना पाणंदीच्या वळणावरून तो ओरडला, "शिवा, उद्या जनीकडं लावनी. येताना वासरू बांधून ये."

सावड मोडली की राहिली, ते कुणीच बोललं नाही. शिवानं विचारलंही नाही.

घरी आल्यावर तो दावं घेऊन वासरापाशी गेला. चिंधी दाव्यात गुंतून बसली होती. ती त्यानं सोडवली. कुठं टाकावी ते कळेना, म्हणून कनवटीला खोचली. मग वासराच्या गळ्यात गाठ मारायला लागला.

"वासराला काय बांधलंस मंग?" ओटीवरून काशीरामचा आवाज आला.

शिवा दचकला. ओटीवर काशीराम नव्हता, चंदर होता. राही त्याच्या केसांतला चिखल धुवत होती. तिनं हात थांबवला.

"वासराला काय बांधलंस मंग?" चंदरनं परत विचारलं. तसाच खर्जात, तसाच कोरडा.

हवामान एक साल टिकलं होतं. हे किती टिकेल, ते शिवाच्या लक्षात आलं.

"दावं बांधलंय," तो म्हणाला. "बग. वासरालाच बांधलंय."

चंदरनं बघितलं नाही. पुन्हा विचारलं. शिवानं पुन्हा सांगितलं. मग ओटीवर जाऊन पोरासमोर पावलं जोडून उभा राहिला. पाणंदीतून माणसं पेटत्या चुडी घेऊन घरी चालली होती, त्यांना ओटी दिसत होती. राही दार लावायला उठली.

"ऱ्हाऊ दे," शिवा म्हणाला.